आकडे सगळे खरे

मुलगी : आता शेवटून तिसरी ओळ वाचा.

मावशी : चष्मा नाही गं माझा जवळ.

मुलगी : डोक्यावर आहे.

मावशी : अगं बाई! तुझी आई असती तर म्हणाली असती, आता डोकं कुठे ठेवलंयस तेही शोध.

मुलगी : वाचा ना.

मावशी : आणि हे अहो-जाहो काय लावलंयस मघापासून? चार वर्षांची होतीस तेव्हापासून ‘अगं मावशी’ म्हणत आलीस. मैत्रीण गेली माझी, तर तिच्या लेकीला मी लगेच परकी झाले का?

मुलगी : शेवटून तिसरी ओळ.

मावशी : साखरेची तीन महिन्यांची सरासरी. पाच पूर्णांक तीन. बरं, मग?

मुलगी : कुणाची?

मावशी : वर नाव आहे की. तुझ्या आईची. बोटांच्या संधिवाताला ड्रिप सुरू करायच्या आधी डॉक्टरांनी सांगितलेल्या तपासण्या आहेत ह्या. इथेच केल्या, आपल्या लॅबमध्ये. तुला माहीत असलेलंच विचारतेयस.

मुलगी : आईला पंधरा वर्षं मधुमेह होता. हे तिचे मागचे नऊ रिपोर्ट. घरातल्या फाइलमधून आणलेत. आठ पूर्णांक दोन. आठ पूर्णांक सहा. नऊ. पुन्हा आठ पूर्णांक सहा. आठच्या खाली ती एकदाही आलेली नाही.

मावशी : पथ्य पाळलं असेल.

मुलगी : आईने?

मावशी : हं. तेही खरंच. पेशंटला गोड सोडा म्हणून दम भरायची आणि त्यांची पाठ वळली की ड्रॉवर उघडून चॉकलेट तोंडात. मी तिला म्हणायचे, ह्या लॅबमध्ये मुंग्या लागल्या तर त्या तुझ्या नावाने लागतील.

मुलगी : साखर एका दिवसात खाली आणता येते. तीन महिन्यांची सरासरी आणता येत नाही.

मावशी : मशीन चुकलं असेल.

मुलगी : हे तुम्ही म्हणताय?

मावशी : मशीनही माणसासारखंच असतं, बाळा. थकतं कधीतरी.

मुलगी : मग हिमोग्लोबिनच्या वेळीही थकलं असेल. आईचं कायम दहाच्या आसपास. इथे तेरा पूर्णांक एक. आणि हा खालचा थायरॉइडचा आकडा. बारीक अक्षरात आहे. चष्मा लावलाय ना आता?

मावशी : लावलाय.

मुलगी : आईला थायरॉइडचा त्रास नव्हता. ह्या आकड्याच्या माणसाला आहे. आपल्या माहितीत थायरॉइडची गोळी घेणारं एकच माणूस आहे. आमच्याकडे राहायला आलं की गोळ्यांची डबी विसरून जातं, आणि मग आई ती घेऊन बसस्टॉपपर्यंत पळते.

मावशी : दोन वाजता लोक येतील रिपोर्ट न्यायला.

मुलगी : एक वाजून दहा मिनिटं झालीत.

मावशी : तू हे सगळं कधी बघत बसलीस?

मुलगी : मी रोज आठ तास छापखान्याची प्रुफं वाचते. दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचाच पगार मिळतो मला. आणि हा कागद मी स्वतः तक्रारीला जोडला, न वाचता. एकच ओळ पाहिली. बी प्रकारची कावीळ, निगेटिव्ह. ती पाहिली आणि डोळ्यांवर पट्टीच बांधली गेली. आई ड्रिपच्या आधी निरोगी होती, पाच महिन्यांनी बी काविळीने गेली. म्हणजे विषाणू मधल्या काळात शिरला. कुठून शिरला? ड्रिपच्या खोलीतल्या सुईतून. पाच पानं लिहिली मी. एक शुद्धलेखनाची चूक नाही त्यात.

मावशी : वाचली मी ती.

मुलगी : त्या खोलीतल्या सिस्टरला दीड महिना घरी बसवलंय. गुरुवारी चौकशी समिती बसणार आहे. तिची बारा वर्षांची नोकरी जाईल, पुढे कुठे मिळेल की नाही तेही ठाऊक नाही. हेही वाचलंत ना?

मावशी : वाचलं.

मुलगी : आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणालात, चांगलं लिहिलंयस.

मावशी : दार लोटून घे जरा.

(मुलगी दार लोटते. मावशी रक्ताच्या नळ्या फिरवणारं यंत्र बंद करते. घरघर थांबते.)

मावशी : तुला काय वाटलं, मी खोटे आकडे टाइप केले? सव्वीस वर्षांत एक आकडा खोटा लिहिलेला नाही मी. ह्या कागदावरसुद्धा नाही. ह्यातले आकडे सगळे खरे आहेत. रक्त तेवढं माझं आहे.

मुलगी : म्हणा पुन्हा.

मावशी : माझं आहे. सकाळी साडेसातला, कुणी यायच्या आत. पट्टा दातांत धरून माझं मीच काढलं. तिच्या नावाची बारकोडची पट्टी लावली आणि नळी रांगेत उभी केली. ती समोर बसली होती. एक शब्द बोललो नाही आम्ही.

मुलगी : एक कळत नाही मला. काविळीची तपासणी तुमच्या रक्तावर करायची आणि बाकीच्या तिच्या. मग सरासरी आठ आली असती, थायरॉइड ठीक आलं असतं. मला जन्मात संशय आला नसता.

मावशी : एका नावावर दोघींचं रक्त? ते कसं चालेल?

मुलगी : ते चालत नाही?

मावशी : हसू नकोस. हात वळले नाहीत गं माझे. नमुना एक म्हणजे एक. एक फॉर्म, एक बारकोड, एक माणूस. मी इथे लागले तेव्हा तुझ्या आईनेच बोटं पकडून शिकवलंय ते. ह्या लॅबमध्ये तिला मोजपट्टी म्हणायचे. आणि हे ती समोर बसलेली असताना मोडू?

मुलगी : मावशी, तिला विषाणू होता. आधीपासून.

मावशी : हो.

मुलगी : कधीपासून?

मावशी : तू चार वर्षांची होतीस.

मुलगी : म्हणजे सव्वीस वर्षं.

मावशी : मी नवीन होते इथे. सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलेली. तेव्हा आत्तासारखे सुया टाकायचे डबे नव्हते. वापरलेली सुई पुन्हा टोपणात घालायची, मग टाकायची. त्या दिवशी गर्दी होती, मला कुणीतरी हाक मारली आणि मी सुई तशीच ट्रेमध्ये ठेवून गेले. कापसाखाली. तुझ्या आईने ट्रे उचलला. करंगळीत गेली.

मुलगी : तुमची सुई.

मावशी : माझी. त्या पेशंटला बी कावीळ होती ते आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. दवाखान्यातर्फे आम्हाला लस मिळाली ती त्यानंतर दोन वर्षांनी. तिने नोंदवहीत लिहायला हवं होतं. लिहिलं असतं तर पहिला प्रश्न, सुई कुणाची? मी त्याच संध्याकाळी घरी गेले असते, कायमची. ती म्हणाली, जाऊ दे, शंभरातल्या पंच्याण्णव जणांच्या अंगातून तो आपोआप निघून जातो.

मुलगी : आणि ती उरलेल्या पाचांत निघाली.

मावशी : सहा महिने वाट पाहिली आम्ही. मग वर्षभर. दर वेळी पॉझिटिव्ह. तोवर लिहायची वेळ निघून गेली होती. आता लिहिलं तर, इतके दिवस का लपवलंत? आणि तिला रक्ताच्या कामातून काढून कागदांच्या खोलीत बसवलं असतं. तुझे बाबा तर केव्हाच चालते झाले होते. ती एकटी, पदरात तू.

मुलगी : म्हणजे तिने तुम्हाला वाचवलं, मग तुम्ही तिला. मी कुठे होते त्यात?

मावशी : तिचं पॉझिटिव्ह आलं त्याच आठवड्यात तुला लस दिली आम्ही. बाहेरून विकत आणली. लगेच एक, महिन्याने एक, सहा महिन्यांनी एक. शाळेचं इंजेक्शन म्हणून सांगितलं. तू माझा हात चावला होतास. दर दोन वर्षांनी तुझं रक्त तपासायची ती. तू स्वच्छ आहेस, बाळा. त्याची काळजी करू नकोस.

मुलगी : अशक्त दिसतेस, रक्त कमी आहे का बघू, असं म्हणून काढायची.

मावशी : हो. तेच.

मुलगी : ते रक्त तरी माझंच तपासलंत ना?

मावशी : असं बोलू नकोस गं.

मुलगी : कसं बोलू? तुम्ही सांगा. शब्द सुचवा, मी तपासून घेते.

मावशी : पाणी पी जरा.

मुलगी : नको. मला एक नीट सांगा. दोन महिने मी ह्यावरच वाचतेय. पुस्तकातली वाक्यं कळतात, पण डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही. सव्वीस वर्षं तो तिच्यात बसला कुठे होता?

मावशी : यकृतात.

मुलगी : तेवढं मलाही माहीत आहे. आत कसा गेला? आणि तिला काही झालं कसं नाही?

मावशी : हे बघ. यकृताच्या पेशीला एक दार असतं. पित्तातले क्षार आत घ्यायला ठेवलेलं. विषाणूचं वरचं आवरण त्या दाराला बरोबर बसतं. पेशीला वाटतं, नेहमीचंच कुणीतरी आलंय. घेते आत.

मुलगी : दार फोडत नाही तो?

मावशी : छे. ह्यांच्यातले बरेचसे फोडाफोडी करत नाहीत. आत गेला की आवरण गळून पडतं आणि त्याचा सगळा ऐवज पेशीच्या केंद्रापर्यंत पोचतो. ऐवज म्हणजे काय, तर डीएनएचा एवढासा धागा, गोल केलेला. कडं म्हण. पण ते कडं पुरं नसतं. एक पदर अर्धवट, एका जागी तुटलेलं. तसंच राहिलं तर काही कामाचं नाही.

मुलगी : मग?

मावशी : पेशीच्या केंद्रात दुरुस्तीवाले असतात. आपला स्वतःचा डीएनए रोज कुठे ना कुठे तुटत असतो, तो जोडत बसणं हेच त्यांचं काम. त्यांना हे तुटकं कडं दिसतं. ते जोडून टाकतात. अर्धा पदर पुरा करून देतात, टोकाला टोक लावतात, उरलंसुरलं कापून नीट करतात.

मुलगी : कुणाचं आहे ते बघत नाहीत?

मावशी : नाही. तुटलेलं दिसलं की जोडायचं. एवढंच ठाऊक असतं त्यांना.

मुलगी : हं.

मावशी : एकदा कडं पुरं झालं की ते तिथलंच होतं. पेशी आपली अक्षरं वाचते तशी त्याचीही वाचते. त्याच्या नकला काढते, त्याची आवरणं बनवते, तयार झालेले बाहेर पाठवते. छापखाना तिचा, कागद तिचा, शाई तिची.

मुलगी : आणि मूळ प्रत आत.

मावशी : मूळ प्रत आतच. औषधाने नकला थांबवता येतात, ती प्रत काढता येत नाही. आणि पेशी मरत नाही त्याने. आपलं रोजचं कामही करत राहते. म्हणून तर बाहेरून कुणाला काही दिसत नाही. तुझ्या आईचं यकृत सव्वीस वर्षं ठणठणीत होतं. दर सहा महिन्यांनी बघायची ती. शरीराचे पहारेकरी त्याला दाबून ठेवत होते.

मुलगी : आणि ड्रिपने पहारेकरीच कमी केले.

मावशी : संधिवातात ते आपल्याच सांध्यांवर उठलेले असतात ना, म्हणून कमी करायचे. ड्रिपने बोटं सुटली तिची. पण इकडे तो मोकळा झाला. पेशीमागून पेशी. काही महिन्यांनी उरलेल्या पहारेकऱ्यांना जाग आली तेव्हा सगळं यकृत त्याच्या हातात. मग ते त्यावर तुटून पडले. तो नाही मारत गं यकृत. आपलेच मारतात.

मुलगी : आधी माहीत असतं तर?

मावशी : तर रोज एक गोळी.

मुलगी : एक गोळी.

मावशी : नकला थांबवणारी. ड्रिपच्या आधी सुरू करायची आणि पुढे दीड-दोन वर्षं. बास. ड्रिपही चालली असती. आज इथे बसून माझ्यावर खेकसत असती ती.

मुलगी : तुम्हाला हे ठाऊक होतं.

मावशी : सांगितलं मी तिला! चार चार वेळा सांगितलं, डॉक्टरच्या कानावर घाल. तर म्हणे, सहा महिने राहिलेत निवृत्तीला. पॉझिटिव्ह म्हणून नाव कॉम्प्युटरवर चढलं की विचारतील, कधीपासून? मग सव्वीस वर्षांत ज्यांचं ज्यांचं रक्त मी काढलं त्या सगळ्यांना बोलावून तपासतील. माझ्या हाताला लोक नावाजतात, लहान पोरांची नस मला पहिल्या झटक्यात सापडते, आणि जाताना हे नाव घेऊन जाऊ?

मुलगी : आणि तुम्ही ऐकलंत.

मावशी : ती म्हणाली, सव्वीस वर्षं एकत्र राहिलोय, मी ओळखते त्याला, तो काही करायचा नाही. वर हसली. म्हणे, माझ्या नवऱ्यापेक्षा जास्त टिकला.

मुलगी : ऐकलंत, कारण सुई तुमची होती.

मावशी : हो. ती बोलून दाखवायची नाही कधी. पण त्या दिवशी तिने नुसती करंगळी माझ्यासमोर धरली. संधिवाताने वाकडी झालेली. म्हणाली, एवढं कर. मी नाही कसं म्हणणार होते?

मुलगी : माझ्याकडे बघून म्हणायचं. मला एक फोन करायचा. ती भडकली असती, वर्षभर बोलली नसती तुमच्याशी. बोलली नसती, पण असती.

मावशी : मला वाटलं, झोपलेलाच राहील. देवाशपथ वाटलं.

मुलगी : आजारी पडली तेव्हा? थकवा यायला लागला तेव्हा?

मावशी : तेव्हा मला कळलं असतं तर मी तिला ओढत नेलं असतं. ती गेल्यावर मशीनच्या मेमरीत सापडलं मला. डोळे पिवळे व्हायच्या तीन आठवडे आधी तिने स्वतःचं रक्त तपासलं होतं. नावाच्या जागी ‘चाचणी नमुना’ लिहून. यकृताचा आकडा नऊशे. चाळीसच्या आत हवा तो. तीन आठवडे शेजारच्या खुर्चीत बसून डबा खाल्ला माझ्याबरोबर, आणि बोलली नाही. मलाही फसवलंच तिने.

मुलगी : तुमची गणती माझ्यात करू नका.

मावशी : नाही करत.

मुलगी : लहानपणी सुरीने तिचं बोट कापलं तर ती मला लांब ढकलायची. लांब हो, लांब हो, म्हणून ओरडायची. सातवीत होते मी. पट्टी घेऊन जवळ गेले तर हातावर एवढ्या जोराने मारलं की वळ उठला. रक्त आलेलं असलं की तिला माझा स्पर्श नको असायचा. मला तेच दिसायचं ना, की तिला माझा स्पर्श नको आहे. मग मी जाणं बंद केलं.

मावशी : तुला जपत होती गं ती.

मुलगी : जपत असेल. मला ते कुणी सांगितलं? आई माझ्याशी कोरडी, म्हणून मी तिच्याशी कोरडी. वीस वर्षं मावशी. दवाखान्यात ती शुद्धीत होती त्या शेवटच्या दुपारीसुद्धा मी पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिले. डोक्याशी तू होतीस. तुला सगळं माहीत होतं आणि तू तिथे उभी राहून मला म्हणालीस, तिला हात लावलास तरी चालेल हां. मला वाटलं, तू समजूत काढतेयस.

मावशी : माझ्या ओठांवर आलं होतं तेव्हा सगळं.

मुलगी : पण बाहेर आलं नाही.

मावशी : नाही आलं.

मुलगी : कागद आहे का कोरा?

मावशी : कशाला?

मुलगी : तुमचं निवेदन. समितीला. आत्ता, तुमच्या अक्षरात.

मावशी : लिहिते. मी रात्रंदिवस तेच मनात घोकतेय दीड महिना. कुणीतरी येऊन लिही म्हणावं, एवढीच वाट बघत होते म्हण हवं तर. थांब. प्रति, माननीय अध्यक्ष. मी खाली सही करणारी, लॅबमधली वरिष्ठ तंत्रज्ञ. अमुक तारखेच्या नमुन्यात माझ्या हातून अदलाबदल झाली. ती सर्वस्वी माझी चूक आहे. दुसऱ्या कुणाचाही...

मुलगी : खोडा ते.

मावशी : ऐक माझं. माझी नोकरी जाणारच आहे. कदाचित त्याहून जास्त काही होईल. होऊ दे. पण तिला कशाला ओढायचं ह्यात? ती राखेत गेली. अदलाबदल माझ्या गलथानपणामुळे झाली असं लिहिलं की सिस्टर सुटते, तुझी तक्रार सुटते, आणि तुझ्या आईचं नाव स्वच्छ राहतं. चुकून झालं म्हणते मी. माझ्यावर घेते.

मुलगी : पुन्हा जोडायला बसलात.

मावशी : काय?

मुलगी : काही नाही. ‘हातून अदलाबदल झाली’ हे खोडा. ‘मी माझं रक्त तिच्या नावाने तपासलं’ असं लिहा. आणि पुढे, ‘तिच्या सांगण्यावरून’.

मावशी : लोक काय म्हणतील तिला?

मुलगी : म्हणतील ते म्हणतील. ज्यांचं रक्त तिने काढलं त्यांना बोलावून तपासायला हवं. तुम्ही म्हणता लोक तिच्या हाताला नावाजायचे. पण बोटं गेल्या चार वर्षांत वाकडी झाली होती, तेव्हाही ती सुया धरतच होती. एखाद्याच्या आत तो असाच गप्प बसला असेल तर? त्याला रोजची एक गोळी मिळायला नको?

मावशी : हा विचार मी केला नव्हता, असं नाही.

मुलगी : मग लिहा.

मावशी : तू तिची लेक आहेस गं. तुला जड नाही जात?

मुलगी : जातंय. लिहा. सव्वीस वर्षं मला माझी आई कळू दिली नाही तुम्ही दोघींनी. आता जशी होती तशी तरी कागदावर राहू दे.

मावशी : ‘तिच्या सांगण्यावरून.’ झालं. सुईचंही लिहू?

मुलगी : सुईपासूनच सुरुवात करा. मी तोवर फोन करते.

मावशी : कुणाला?

मुलगी : सिस्टरना. आई गेल्यावर त्यांनी दोनदा फोन केला होता मला. दोन्ही वेळा मी कापला. हॅलो? सिस्टर का?

सिस्टर : बोलतेय. आवाज ओळखला मी. पण चौकशी होईपर्यंत तुमच्याशी बोलू नका असं सांगितलंय मला. माफ करा.

मुलगी : मग नुसतं ऐका. ठेवू नका.

सिस्टर : थांबा जरा. कुकर उतरवते. हं. बोला.

मुलगी : माझ्या आईला तो विषाणू आधीपासून होता. सव्वीस वर्षं. तिला माहीत होतं. ड्रिपच्या आधीचा जो रिपोर्ट मी तक्रारीला जोडला, त्यात रक्त तिचं नव्हतं. तिने मुद्दाम दुसऱ्याचं तपासून घेतलं. ज्यांचं तपासलं त्या इथे माझ्यासमोर बसून तसं लिहून देताहेत. मी आज संध्याकाळी दवाखान्यात जाऊन ते देणार आहे आणि माझी तक्रार मागे घेणार आहे. सिस्टर? ऐकताय ना?

सिस्टर : ऐकतेय.

मुलगी : मी न वाचता लिहिलं. माझ्या लिहिण्याने तुम्हाला घरी बसावं लागलं. ह्याला क्षमा मागून भागत नाही, मला कळतं. तुम्ही रागावून बोललात तरी चालेल.

सिस्टर : तुमच्या आईंना दोन वेळा ड्रिप दिली मी. दोन्ही वेळी त्यांनी माझा हात धरून नस कुठे आहे ते दाखवलं. म्हणाल्या, इथे टोच, इथे एका झटक्यात मिळेल. टोचल्यावर म्हणाल्या, हातमोजे फाटलेत का बघ. मला वाटलं, जुन्या माणसांना सवय असते तशी. मी बघितले. फाटले नव्हते.

मुलगी : तुम्हालाही तपासून घ्यावं लागेल.

सिस्टर : घेतलं. दवाखान्यानेच पहिल्या दिवशी घेतलं माझं. तक्रार आल्यावर. मी ठीक आहे.

मुलगी : बरं.

सिस्टर : दीड महिना मी तेच करतेय, तुम्हाला सांगते. डोळे मिटले की त्या दोन दिवसांतलं सगळं मनात पहिल्यापासून करून बघते. पाकीट घेतलं. फोडलं. सुई नवी. हात धुतले, हातमोजे घातले. पहिले काही दिवस सगळं बरोबर यायचं. मग एका दिवशी वाटलं, पाकीट फोडलं होतं ना? की आधीच उघडं होतं? मग हात धुतलेले आठवेनात. परवा नवऱ्याला म्हटलं, तू उगाच माझी बाजू घेऊ नकोस, माझ्याच हातून झालंय ते.

मुलगी : तुमच्या हातून नाही झालं.

सिस्टर : परत एकदा म्हणा.